उघड्या यंत्राचा मालक
(प्रस्तावना)

कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत अपघाताचे कारण लिहायला एक रकाना असतो. नोंदवही चाकणची घ्या, वाळूजची घ्या की गोकुळ शिरगावची. त्या रकान्यात बहुधा एकच मजकूर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सापडतो : कामगाराने निष्काळजीपणे हात आत घातला. लिहिणारा सुपरवायझर खोटे लिहीत नसतो. हात खरोखरच आत गेलेला असतो. चालू यंत्रात हात शिरेल एवढी जागा उघडी का होती, हे लिहायला मात्र त्या वहीत रकाना नसतो.

यंत्राच्या अपघाताचा कायदा नेमका तिथून सुरू होतो. हात कोणी घातला हे कारखाना विचारतो; जागा कोणी उघडी ठेवली हे कायदा विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा संपला, असे मालकाला वाटते, पुष्कळदा कामगारालाही वाटते, आणि कधी कधी तपासाला आलेल्या हवालदारालाही. हे पुस्तक लिहिण्याचे कारण एवढेच.

पुढची पाने वकिलांसाठी नाहीत. त्यांच्याकडे जाडजूड ग्रंथ आहेत. फोरमन, पंधरा-वीस माणसांचे वर्कशॉप चालवणारा मालक, युनियनचा कार्यकर्ता आणि हाताला बँडेज बांधून ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात रांगेत बसलेला ऑपरेटर हे माझे वाचक. विषयही मुद्दाम अरुंद ठेवला आहे. रसायनांचे स्फोट, खाणी, इमारतींची बांधकामे यांत मी शिरलेलो नाही. फिरणारे, दाबणारे, कापणारे यंत्र आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस, एवढ्यावरच लक्ष ठेवले आहे.

उदाहरण म्हणून पुस्तकभर पॉवर प्रेस येत राहील. मोटारी आणि दुचाकींना लागणारे पत्र्याचे छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा, याच यंत्रावर निघतात आणि बोटेही याच यंत्रावर जातात. गुडगाव-मानेसर पट्ट्यातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते. पुढे त्यात पुण्याच्या पट्ट्यातले कामगारही आले. हात चिरडण्याच्या अपघातांत पॉवर प्रेसचा क्रमांक पहिला, हे त्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसते.

हे यंत्र थोडे समजून घ्यायला हवे, कारण जबाबदारीचा बराचसा उलगडा त्याच्या पोटातच आहे. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायडल दाबले की क्लचची किल्ली अडकते आणि रॅम खाली येतो. एकदा निघालेला स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही. तो पूर्ण फेरा घेऊनच वर जातो. किल्ली झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पायडलला पाय न लावताही दुसरा स्ट्रोक येतो. नेमका त्या वेळी ऑपरेटर डायमधून पीस काढत असतो. अशा प्रेसवर कितीही महागडा सेन्सर बसवला तरी उपयोग नाही. सेन्सरला हात दिसतो, पण यंत्राला थांबताच येत नाही. तिथे डायभोवती पक्का गार्ड हवा, किंवा हात आत न घालता पीस आत-बाहेर करण्याची सोय हवी. घर्षण-क्लचच्या प्रेसला मध्येच थांबता येते, म्हणून तिथे सेन्सरही चालतो आणि दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणेही चालतात.

तेव्हा "सेन्सर लावला होता साहेब" या उत्तराला अर्थ असतो तो प्रेस कोणत्या जातीचा आहे त्यावर. मालकाची जबाबदारी अपघाताच्या दिवशी उगवत नाही. सेकंडहँड बाजारातून कोणता प्रेस उचलला, क्लचची किल्ली शेवटची कधी बदलली, डाय करताना पीस सरकवायची जागा ठेवली का, यांतून ती आधीच ठरत आलेली असते.

आणि गार्ड काढतो कोण? आडपडदा न ठेवता सांगायचे तर पुष्कळदा कामगारच काढतो. गार्ड लावला की हात अडखळतो, पीस कमी निघतात, शिफ्ट संपताना बोलणी बसतात. पण तासाचे टार्गेट गार्ड लावलेल्या प्रेसवर मोजून ठरवले होते की गार्ड काढलेल्या? चौकशीत हा एक प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारण्याची सवय लागावी, अशी माझी फार इच्छा आहे.

कायदा इथवर सहज आलेला नाही. 1837 साली इंग्लंडमध्ये प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. खाटकाची गाडी प्रमाणाबाहेर लादलेली होती, ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्युरीने त्याला 100 पौंड दिले. वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. न्यायमूर्ती लॉर्ड अबिंजर यांना वेगळीच काळजी पडली होती. आज याला भरपाई दिली तर उद्या मोलकरणीने दमट अंथरूण घातले म्हणूनही मालकावर दावे येतील! याच निवाड्यापासून पुढे असे तत्त्व रूढ झाले की, सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. गिरणीत प्रत्येक चूक कोणत्या ना कोणत्या सोबत्याचीच असते. मालक कधी यंत्राजवळ उभाच नसतो, त्यामुळे त्याचे हात कायमचे स्वच्छ राहिले. भारतात या तत्त्वाला कायद्याने कात्री लागली ती 1938 च्या मालक दायित्व अधिनियमाने, म्हणजे शंभर वर्षांनी.

दुसरा प्रवाह गिरण्यांतून आला आणि तो माझ्या मते जास्त मोलाचा आहे. मागातून धोटा निसटून उडतो हे कापडगिरणीत सर्वांना ठाऊक होते. मग तो माग 'धोकादायक यंत्र' ठरतो का? हिंडल विरुद्ध बर्टविसल या 1897 च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की, यंत्र धोकादायक आहे की नाही हे ठरवताना कामगाराचा निष्काळजीपणाही हिशेबात धरायचा. रोज दहा तास तेच काम करणारा माणूस कधीतरी चुकणारच, हे मालकाला आधीच दिसायला हवे. नोंदवहीतल्या आपल्या त्या ठरावीक वाक्याला हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. पुढे 1955 मध्ये जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट या खटल्यात एका फिटरचा अंगठा ग्राइंडिंग व्हीलला लागला होता. चाक पूर्ण झाकले तर त्यावर काम कसे करायचे, हा कंपनीचा बचाव व्यवहाराला धरूनच होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो ऐकला नाही. संरक्षण कायद्याने सक्तीचे आहे. ते दिल्यावर यंत्र निकामी होत असेल तर होऊ दे, असा निकालाचा रोख होता. अखेर 1970 मध्ये अशा चाकांसाठी वेगळे नियम करावे लागले. न्यायालयाने कायदा वाकवायला नकार दिला म्हणून सरकारला नियम नीट लिहावे लागले, हा त्यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा 1881 चा. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती, पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन निवेदन केले. त्या निवेदनाची साप्ताहिक सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. त्याच यादीत आणखी एक मागणी होती : कामावर जबर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे पंगुत्व आले तर उपजीविकेची सोय व्हावी. भरपाईचा कायदा झाला तो 1923 मध्ये. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये 39 वर्षे गेली. तेवढ्यात लोखंड्यांच्या काळातला पोरसवदा गिरणी कामगार म्हातारा झाला असेल.

1923 च्या कायद्याची मोठी गोष्ट ही की त्याने चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला की मालकाने भरपाई द्यायची. अपवाद आहेत : नशा, सुरक्षेच्या आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा, मुद्दाम गार्ड काढणे. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हे अपवादही मालकाला वाचवत नाहीत. गार्ड कामगाराने स्वतः काढला होता असे सिद्ध झाले तरी त्याच्या विधवेला भरपाई मिळते. ही तरतूद मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या बहुतेकांना, मालकांना आणि कामगारांनाही, ती नवी होती. ठेकेदाराच्या माणसाचेही तसेच. मुख्य मालकाच्या आवारात त्याच्याच धंद्याचे काम चालू असेल तर कामगार थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकतो. ठेकेदाराकडून वसूल करणे ही मग मालकाची डोकेदुखी.

1948 च्या कारखाने अधिनियमाने दुसरी बाजू धरली. कलम 21 सांगत होते की यंत्राचे धोकादायक भाग भक्कम संरक्षकांनी झाकलेले असावेत, ते कायम नीट राखावेत आणि यंत्र चालू असताना जागेवर असावेत. 'जागेवर' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. स्टोअरमध्ये जपून ठेवलेला गार्ड कायद्याच्या हिशेबी गार्ड नव्हे. कलम 22 चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल होते. तेल घालणे, पट्टा बदलणे अशी कामे खास प्रशिक्षित प्रौढ माणसानेच करायची, तीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि हे कपडे मालकाने पुरवायचे. सैल सदऱ्याची बाही शाफ्टमध्ये गेली तर 'सदरा सैल का घातला' असे विचारणाऱ्याने हे कलम एकदा वाचावे.

पण मालक म्हणजे कोण? कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. म्हणून कायद्याने 'भोगवटादार' नावाचा माणूस उभा केला आणि 1987 च्या दुरुस्तीने सांगितले की कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच एक असेल. कंपन्यांना हे रुचले नाही. एखाद्या जनरल मॅनेजरचे नाव देऊन मोकळे होता यावे, अशी त्यांची इच्छा होती. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ती फेटाळली. नफ्याचा निर्णय ज्या टेबलावर होतो, तिथलाच माणूस फौजदारीला सामोरा जाईल. त्याला बचाव आहे : आपण पुरेशी काळजी घेतली होती आणि खरा गुन्हेगार दुसरा आहे, हे त्याने स्वतः सिद्ध करायचे. त्याच दुरुस्तीने यंत्र बनवणारा, आयात करणारा आणि पुरवणारा यांच्यावरही सुरक्षित यंत्र देण्याचे कर्तव्य टाकले. या कलमाखाली यंत्र विकणाऱ्याला कोर्टात ओढल्याच्या गोष्टी मात्र क्वचितच कानावर येतात.

आता पैशाचा हिशेब. पंचवीस वर्षांचा कामगार, पगार 25,000, उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. पगार 21,000 च्या वर असल्यामुळे तो ईएसआयच्या बाहेर, म्हणून नोव्हेंबर 2025 पर्यंत त्याला 1923 चा कायदा लागू होता. त्यात 2020 पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरत. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000; त्याला वयाचा गुणांक 216.91 ने गुणायचे. आलेल्या रकमेचे 14 टक्के घ्यायचे, कारण परिशिष्टात तर्जनीचा दर तेवढा आहे. उत्तर साधारण 2 लाख 73 हजार. मधल्या बोटाला 12 टक्के, करंगळीला 7, अंगठ्याला 30. परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याला पर्यायही सुचत नाही. निदान न्यायालये त्या आकड्यांत अडकून पडलेली नाहीत. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये कमाईची शंभर टक्के क्षमता गेली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

हाच कामगार 15,000 पगाराचा आणि ईएसआयमध्ये असेल, तर त्याला पगाराच्या 90 टक्क्यांच्या 14 टक्के, म्हणजे महिना साधारण 1,890 रुपये, जन्मभर मिळतात. उपचार वेगळे, रजेच्या काळातला भत्ता वेगळा. वकील नको, तारखा नकोत, मालक पळून गेला तरी पैसे बुडत नाहीत. ईएसआयला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही माझी मोठी तक्रार इथेच आहे. ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे विमाधारक कामगाराला मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नसे. 1923 च्या कायद्याखाली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या त्रेहान खटल्यात सांगितले. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावूनही नाही, हे 1997 च्या वेस्टर्न इंडिया प्लायवुडच्या निकालात स्पष्ट झाले. मालकाची वर्गणी 2019 पासून पगाराच्या 3.25 टक्के आहे. ज्या कारखान्यात वर्षानुवर्षे कोणाला खरचटलेही नाही, त्यालाही तेवढीच आणि ज्याच्या प्रेसखाली दर वर्षी बोटे जातात त्यालाही तेवढीच. जर्मनीत 1884 पासून चालत आलेल्या अपघात विम्यात धंद्यातल्या जोखमीप्रमाणे आणि अपघातांच्या इतिहासाप्रमाणे वर्गणी कमी-जास्त होते. आपल्याकडेही मुळात एक काटा होता. मालकाच्या हलगर्जीने अपघात झाला तर ईएसआय महामंडळाने आपला खर्च त्याच्याकडून वसूल करावा, असे 1948 च्या मूळ ईएसआय कायद्यातले कलम 66 सांगत होते. 1966 च्या दुरुस्तीत ते कलम गळले. तेव्हापासून गार्डचा खर्च मालकाचा आणि बोटाचा खर्च सगळ्यांचा, अशी वाटणी झाली आहे. यात गार्ड लावण्याची घाई कोणाला असणार? 'क्रश्ड' अहवालांत दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे अपघात झाल्यावर कामगाराचे ईएसआय कार्ड निघणे. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे आणि ते लांबल्याची मला खंत नाही.

राहिली फौजदारी. यंत्राबाबतच्या निष्काळजी वर्तनाचे भारतीय दंड संहितेतले कलम 287 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 289 झाले आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, दंड पाच हजारांपर्यंत. मृत्यू झाला तर कलम 106, तिथे पाच वर्षांपर्यंत. कारखाने अधिनियमात सुरक्षेच्या उल्लंघनातून मृत्यू झाला तर किमान दंड 25,000 होता, गंभीर इजेला 5,000. बऱ्या सेन्सरची किंमत यापेक्षा जास्त असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या आणि कारखाने अधिनियमातले हे आकडे बदलले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मृत्यूच्या प्रकरणी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड, किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे चांगले झाले. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 माणसांवरून 20 वर गेली आणि विजेशिवाय चालणाऱ्याची 20 वरून 40 वर. भोसरीच्या गल्ल्यांतले किती प्रेस-शॉप वीसच्या आत बसतात ते तिथे एक फेरी मारली की कळेल. शिवाय यंत्राला कुंपण घालण्याची जी तरतूद कायद्याच्या अंगात होती, ती आता केंद्र सरकारने ठरवायच्या मानकांत गेली. संसदेने लिहिलेले कलम बदलायला संसद लागते. मानक बदलायला अधिसूचना पुरते. म्हणून ही मानके लिहिली जात असताना युनियन आणि लघुउद्योजकांच्या संघटना या दोघांनीही त्या टेबलावर असायला हवे.

शेतातल्या यंत्रांबद्दल स्वतंत्र प्रकरण नाही, याचा उल्लेख करायला हवा. कडबाकुट्टीत आणि मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार खेड्यापाड्यांत होतात, आणि मळणी यंत्रांसाठी 1983 चा धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियमही आहे. पण तिथे मालक आणि मजूर यांचे नाते वेगळे, पुष्कळदा यंत्र चालवणारा घरचाच. तो विषय कोणीतरी स्वतंत्रपणे घ्यावा.

वाचकांना दोन विनंत्या. मालकांनी शेवटचे प्रकरण आधी वाचावे. त्यात प्रेस, ग्राइंडर, कन्व्हेयर आणि लेथ यांसाठी कोणती संरक्षणे लागतात ते यंत्रवार दिले आहे, आणि ते वाचून शॉपमध्ये एक फेरी मारायला अर्धा तास पुरेल. कामगारांनी अपघातानंतर कोऱ्या कागदावर सही करू नये, अपघाताची लेखी सूचना देऊन तिची पोचपावती घ्यावी, यंत्र दुरुस्त होण्याआधी किंवा नवा गार्ड बसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि दवाखान्यातल्या केसपेपरवर 'घरी पडून लागले' असे कोणी लिहीत असेल तर तिथेच हरकत घ्यावी. भरपाईच्या दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती उलटून गेल्यावर उशीर का झाला हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते.